शुद्धिपत्र

पळसबांधची बातमी मी दर बुधवारी पाठवतो.
सदराचं नाव 'फिरावे, खावे', जागा दीडशे शब्द,
मानधन अंकामागे साठ रुपये, दिवाळीला एकदम मिळतं,
आमच्या साप्ताहिकाची दिवाळी साधारण होळीला येते.

या हंगामात लिहिलं ते असं:
साकोलीची साडेनऊची गाडी आता तलावाच्या पाळीपर्यंत येते,
परत जाताना मात्र फाट्यावर उभं राहावं.
पायडलच्या बोटी चार, पैकी एक हंस बुडालेला,
मान तेवढी वर आहे.
'सारस व्ह्यू'मध्ये शिरताना वाकून नमस्कार करतात,
मग सूप येतं, सुपात बुडवायला काड्या येतात,
खिडकीतून सारस दिसत नाही.
(ही ओळ रहांगडाले साहेबांनी कापली.
पहिल्या पानावर त्यांची जाहिरात होती.)
बदकं पोचली. सायबेरियातून येतात म्हणे,
एवढ्या लांबून येऊन गाळातली मुळं उकरून खातात,
आणि त्यांना कोणी विचारत नाही
कसं वाटलं जेवण.

एका बुधवारी चाळीस शब्द उरले.
मी त्यात कौतिकाबाईला घातलं.

पाळीच्या खाली, तुडूमापाशी, टिनाचं शेड.
बाकं दोन, तिसरी फळी विटांवर.
सुक्या झिंग्यांची चटणी, पाट्यावरची,
अंबाडीच्या आंबटात शिजलेली मरळ,
भात, मागाल तितका.
'ताट सत्तर रुपये. हात धुवायला अख्खा तलाव.'
हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं.
मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

रविवारी नागपूरच्या अकरा गाड्या आल्या.
कोणी पाट्याचा फोटो काढला, कोणी वरवंट्याचा,
एका बाईनं विचारलं, यात कमी तिखट कोणतं,
साडेबाराला भात संपला.
एक वाजता गिट्टीखदानीवरची पोरं आली,
रोजची, नऊ जण, भुवयांवर पांढरी भुकटी.
रिकामं गंज पाहिलं,
उभ्या उभ्या पाणी प्यायले,
परत गेले.

सोमवारी ती माझ्या दारात.
हातात अंक, त्यावर हळदीचा अंगठा.
वाचता येत नाही तिला,
पण नेमक्या ओळीवर बोट ठेवलं.
"हे तू लिवलं?"
"हो."
"मंग पुसून टाक."
छापलेलं पुसता येत नाही बाई, मी म्हणालो.
"काहून? भितीवरचं पुसते, पाटीवरचं पुसते.
तुह्या अक्षरानं माह्या पोरांले उपाशी धाडलं."

तिला मूलबाळ नाही.
मला समजायला थोडा वेळ लागला.
तोवर ती फाटकाबाहेर गेली होती,
अंक पायरीवर ठेवून,
वर एक दगड, उडू नये म्हणून.

पुढच्या बुधवारी मी लिहिलं:
शुद्धिपत्र. पळसबांध येथील तुडूमाजवळची खानावळ
बंद झाली आहे. वाचकांनी नोंद घ्यावी.
बावीस वर्षांत माझ्या हातून गेलेली
ही एकच खोटी बातमी,
आणि रहांगडाले साहेबांनी
तिच्यातला एक शब्द कापला नाही.

गुरुवारी त्या बंद खानावळीत जेवायला गेलो.
टिनावरून धूर निघत होता, बाकं भरलेली,
खदानीची पोरं कोपर सरकवायला तयार नव्हती.
विटांवरच्या फळीच्या टोकाला अर्धा बसलो,
अर्धा उभा.
चटणीनं डोळ्यांतून पाणी आलं, मी भात मागितला,
तिनं काही न बोलता दोनदा वाढला.

"ऐंशी," ती म्हणाली, पैसे घेताना.
"सत्तर होते ना?"
"ते उघडी होती तवा."