दुपारी, न कळवता

एकतीस वर्षं वजनमाप खात्यात काढली.
म्हापशाच्या बाजारात, सावर्ड्याच्या रेशन दुकानात
पारड्याखाली चिकटवलेली चिंच
नखानं खरवडून काढलीय मी.
कळवून जायचं नसतं, एवढं मला येतं.

शिरोड्याहून फेरीबोटीनं राशोलला उतरलो,
पुढे रायपर्यंत रिक्षा.
घड्याळात दोन.
ह्या वेळी सासष्टीत कुत्रंही उठून भुंकत नाही,
दुकानांची दारं ओढलेली.
म्हणूनच ही वेळ.

दार उघडंच होतं.
(एक गुण. मग वाटलं, की उणे एक?)
आधी नाकानं पाहिलं. फिनेल होतं,
पण काही झाकायला ओतलेलं नव्हतं.
व्हरांड्यात बसून राहिलो घड्याळ हातात धरून
कुणाची तरी घंटा वाजेपर्यंत.

वाजली. पाच नंबर.
घंटेपासून पावलांपर्यंत सतरा सेकंद.
पावलं धावत नव्हती.
दोन्ही लिहून घेतलं.

सिस्टर पेर्पेतनं मला हाकललं नाही,
चहाही विचारला नाही.
"कोणासाठी?" एवढंच.
थोरली बहीण, म्हटलं. कुमुद. यकृत.
मग तिनं कपाट उघडलं. कुलपं दोन,
दुसरी किल्ली घेऊन रुझार नावाचा पोरगा आला,
त्याच्या हाताला अजून पावाचा चुरा.

मॉर्फिनची वही.
मी वह्या वाचून म्हातारा झालोय.
जिची सगळी बेरीज जुळते
ती वही एका बैठकीत लिहिलेली असते, एकाच पेननं.
हिच्यात ऑगस्टच्या नऊ तारखेला
अर्धा मिलिलिटर कमी.
पुढे निळ्या शाईत: सांडलं. माझा हात हलला.
खाली दोन सह्या.
त्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवून होतो.

तीन नंबरची घंटा बिघडलेली.
उशाशी पितळी पेला आणि चमचा.
"वायरमन येतो म्हणतो. तीन आठवडे झाले."
हे मी तिच्यादेखत लिहिलं, खाली रेघ मारून.

रात्री दुखणं औषधाला ऐकेनासं झालं तर?
"मडगावच्या डॉक्टरना फोन. ते उचलतात."
नाही उचलला तर?
ती कपाटाचं कुलूप पुन्हा ओढून बघत म्हणाली,
"एकदा नाही उचलला.
मी सकाळपर्यंत बसले त्यांच्यापाशी.
पुरेसं नव्हतं ते."

स्वयंपाकघरातून दुल्सीन निघाली होती
पळीभर बांगड्याचं आंबटतीख घेऊन,
गिळणं बंद झालेल्या एका म्हाताऱ्या तारवट्याला
वास द्यायला. फक्त वास.
त्यानं डोळे मिटून घेतला आणि म्हणाला, मीठ कमी.
मिठाला वास नसतो.
तिला माहीत होतं, मला माहीत होतं,
चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या त्याला तर असणारच.
ती परत गेली, चिमूटभर घातलं, पुन्हा आणलं.

ह्याला माझ्या कागदावर रकाना नव्हता.
समासात 'मीठ' असं लिहिलं
आणि मग खोडलं, कुणाला काय कळणार म्हणून.

घरी कुमुद कुशीवर वळून वाट बघत होती.
मी सुरू केलं: सतरा सेकंद, दोन किल्ल्या,
रुझार, अर्धा मिलिलिटर.
तिनं हात वर केला,
लहानपणी माझे पाढे मध्येच थांबवायची तसा.
"पहाटे पाचला उठवून आंघोळ घालतात का रे?
इस्पितळात घालायचे.
त्यांची ड्युटी बदलायची म्हणून."

एकतीस वर्षं.
आणि हे विचारलंच नाही.

उद्या पुन्हा जाईन.
फेरीवर चालत्या माणसाला पैसे पडत नाहीत.
पिशवीत पक्कड आणि टेस्टर टाकून ठेवलाय.
त्या वायरमनचं काही खरं नाही.