घोड्याचे चणे

कवठसांगवीला तिसऱ्यांदा गेलो
तेव्हा नोकरीचे अकरा दिवस उरले होते.
ओला कागद दगडावर थापायचा,
अक्षरांच्या खड्ड्यांत बसेपर्यंत ब्रशनं ठोकायचा,
मग शाईचा बोळा.
तीस वर्षं हेच.
वाचणारे साहेब वेगळे, मी ठसे घेणारा,
तरी हात हळूहळू वाचायला शिकतात.

देवळामागं कण्हेरीत उभा शिलालेख.
वर चंद्र, सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर.
शक झिजलेला.
आधी बाप, मंडळीक मैलुगी,
त्याची बिरुदंच चार ओळी खातात.
मग थोरला वंकदेव,
त्याला गढी, त्याला तीनशे स्वार,
मन्याडच्या दोन्ही काठांची जकात.
मग धाकटा आइचदेव.
त्याला देऊळ.

त्याला विचारलं होतं का
हे कोरायला कुणी पैसे देत नाही.
बारा-तेराचा असेल.
जीन घासून मांड्यांना घट्टे पडलेले,
त्याच मांड्यांची आता मांडी घालायची.
लगाम सोडून घंटेची दोरी.
पहाटे घोडी फुरफुरली की
मंत्राचं एखादं अक्षर गिळत असेल.

पण माणूस कामाचा निघाला.
सात घाण्यांकडून तेलाची एकेक पळी,
माळ्याला फुलांसाठी वाफा,
तळ्याचा गाळ दर तिसऱ्या वर्षी काढायचा
आणि कुणी काढायचा, नावानिशी.
असलं सगळं देवाच्या भाषेत नाही,
गढीवरच्या हिशेबनिसाच्या भाषेत आहे.
आणि प्रत्येक दानाखाली नाव
मैलुगीसुत आइचदेवो.
केस उतरवले, बाप उतरवला नाही.

मग एकविसावी ओळ.
वंकदेव रणीं पडिला.
पुढं भावजय येते,
पागोटं आणि तलवार पायरीवर ठेवते,
गढीला धनी नाही म्हणते.
बावीस.
तेवीस.
तेणें म्हणितलें

आणि इथं दगड तुटलेला.

दोनदा आलो होतो, दोन्हीदा
ह्या तुकड्यावरूनच माघारी.
साहेबांनी लिहिलं, अधोभाग अनुपलब्ध.
मला मात्र एसटीत, जेवताना, मुलीच्या लग्नात अक्षता टाकताना
मध्येच आठवायचं,
काय म्हणितलें?

ह्या खेपेला हापशावर पाणी प्यायला वाकलो.
शेवंताबाई गोटमुकले धुणं आपटत होत्या.
साडीखालून एक शेपूट दिसलं,
गाढवाचं, कोरलेलं.
‘‘हे दगूड? सासूच्याबी सासूपासून हितंच हाय.
खडबडीत हाय मून मळ चांगला निघतंय.’’
त्यांनी बादलीभर पाणी ओतलं.
साबणाचा फेस अक्षरांतून खाली उतरला,
काही अक्षरांत राहिला, तीच आधी वाचता आली.

उत्तर नव्हतं.
त्या दोन-तीन ओळी पार धुतल्या गेलेल्या,
शंभर वर्षांच्या धोतर-लुगड्यांनी.
खाली फक्त हे,
वंकदेवाचेया घोडेया
दिसवडी चणे पायली एकी,
देवाचेया कोठारौनि,
आचंद्रार्क.
मोडील तेयाचिये वंशीं गाढव.

उकिडवा बसून राहिलो.
घोडा जगतो वीस-पंचवीस वर्षं.
चणे चंद्रसूर्य असेतो.
गादीवर बसला की नाही, कळत नाही.
एवढंच कळतं की रिकामं जीन घेऊन परतलेलं जनावर
त्यानं विकलं नाही,
आणि नैवेद्याच्या आधी की नंतर, कोण जाणे,
रोज एक पायली मोजली.

‘‘काय लिवलंय?’’
घोड्याला चणे द्या म्हणून लिहिलंय.
‘‘कुणाच्या घोड्याला?’’
मेलेल्या भावाच्या.
बाईंनी पिळा सोडला, साडी झटकली,
थोडं थांबल्या.
‘‘मंग बसत व्हता का त्येच्यावर, कवा रातच्याला?’’

मी कागद भिजवायला घेतला.
त्या म्हणाल्या, दोनच कपडे ऱ्हायलेत,
तेवढे आपटून घेते.