ती नाव, ते नाव

इसाफ्योर्दुरच्या धक्क्यावर, काटाघराच्या माडीवर
आमचं ऑफिस: तीन माणसं, दोन हीटर,
आणि एक प्रोग्राम, जो बोटींनी आणलेला कॉड
किलोकिलोनं मोजून सरकारला कळवतो.

त्यात केलेला प्रत्येक बदल आम्ही कमिट करतो
आणि यंत्र त्याच्या कपाळी चाळीस खुणा गोंदतं,
दहा अंक, ए ते एफ, एवढ्याच मुळाक्षरांत,
सटवाईनं लिहावं तसं:
पुसता येत नाही, वाचताही येत नाही.

फेब्रुवारीतल्या त्या रात्री
काटा प्रत्येक मासा दोनदा मोजू लागला.
मी घरी, तापात. खाली स्नाइब्योर्न एकटा,
फोन खांद्यात धरलेला,
वारा त्याच्या कानातली व्यंजनं पळवत होता.
कुठला बदल काढू?
चार अक्षरं पुरतील म्हणून सांगितली: सात, ई, नऊ, डी.
त्याला ऐकू आलं बी.
आणि दैव असं, की बीवालाही होता एक,
बिचारा तीन वर्षांपूर्वीचा, बर्फाचं वजन वजा करणारा.
तो उलटवला गेला.
पहाटेपर्यंत बर्फही कॉडच्या भावानं गेला,
तोही दुप्पट.

सकाळी नावं ठेवायला सगळे आले:
कारखान्याचा मालक, दोन कप्तान, बंदरखात्याची बाई.
नाव ठेवायला आजवर कुणी आलं नव्हतं.

ऊल्फहिल्डर तेवढी हसली. एकतीस वर्षं ती काट्यावर.
म्हणाली, बोटीलाही नंबर असतो गं, रंगवलेला, कायद्याचा.
पण वादळात रेडिओवर नंबर कोण हाकारतं?

मग बसलो.
एय्विंदुर म्हणाला, चाळीस खुणा दळून तीन शब्द काढू.
यंत्रानं काढले: ओला पाद्री चमचा.
लक्षात राहिला, खोटं कशाला बोलू.
पण पाद्र्यानं केलं काय, ते कळेना,
आणि पुढचा निघाला विधवा लोणी विधवा,
तो मी फोनवर कुणाला सांगणार नाही.

मग वाटलं, जवळच्या खुणेपासून पावलं मोजावीत.
जानेवारीअखेर डोंगरामागून ऊन गल्लीत उतरतं,
त्या दिवशी आम्ही पॅनकेक खातो, नवी आवृत्ती काढतो.
तर पॅनकेकपासून चौदा पुढे.
पत्ता झाला हा. चर्चपासून चौदावं घर.
घरात राहतं कोण?

किंवा बापाचं नाव लावावं. इथे आडनावं नसतातच फारशी,
अमक्याचा मुलगा, तमकीची मुलगी.
बदलालाही बाप असतो, आधीचा बदल;
दोन फांद्या जुळल्या की आईही.
एय्विंदुर खडूनं फळ्यावर चढत गेला,
याच्या दुसऱ्या पालकाचा पाचवा पूर्वज, त्याचा तिसरा,
आणि अठराव्या पिढीला थबकून म्हणाला,
हा तर माझ्या आजीचा चुलतभाऊ.

शेवटी जुन्या नोंदी उघडल्या, आमच्याच हातच्या:
दुरुस्ती. दुरुस्ती. दुरुस्ती दोन. आता तरी चाल.
आणि त्या रात्रीच्या गुन्हेगारावर, माझ्या अक्षरात:
किरकोळ.

खोडून नीट लिहावं म्हटलं तर जमत नाही.
आतला एक स्वल्पविराम हलवला
तरी कपाळ बदलतं, आणि त्याच्यापासून जन्मलेल्या
साऱ्यांची कपाळं बदलतात.
ती नाव काय, ते नाव काय,
बाहेरूनच बांधावी लागतात,
कडीत दोर ओवून, उघड्या हातानं, पाणी शांत असताना.

पहिलं नाव ऊल्फहिल्डरनं बांधलं, माझ्या किरकोळला:
जुळ्या माशांची रात्र.
मी मान खाली घालून गाठ आवळली.

अजून साडेअकरा हजार बिननावाचे
धक्क्याबाहेर डोलताहेत.
दिवसाला दोन होतात.
आज एकच झालं.