नव्वद सेकंद

लाईट गेली तेव्हा टॉवेलच्या काठावरचा मोर
अर्धाच झाला होता.
इन्व्हर्टर जुना. धरला तर चार मिनिटं, नाहीतर देव जाणे.
मी 'बंद हो' म्हटलं, आणि पडद्यावर ओळ आली:
एक काम थांबवायचं चालू आहे. मर्यादा नव्वद सेकंद.
कुठलं काम, का थांबेना, काही नाही.
लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.
एकोणसत्तराव्या सेकंदाला इन्व्हर्टरनं मान टाकली,
मोराचीही गेली.

अशोक चौकामागे कुरापाटींची शेड.
बारा जेकार्ड माग आणि एक संगणक,
त्याला सगळे पेटीच म्हणतात.
ती पेटी रिक्षात मांडीवर घेऊन घरी आले.

रात्री बघत बसले: ही सुरू होते
तेव्हा सगळ्यात आधी कोण जागं होतं?
ज्याचा नंबर एक, बाकीच्यांना जो हाक मारतो,
त्याच्या हातात एव्हाना काय काय गेलंय?
घड्याळ त्याच्याकडे. कोण आत आलं, कोण गेलं, त्याच्याकडे.
कुणाचा पत्ता कुठला, पेटी कधी झोपणार, त्याच्याकडे.
आणि नोंदवही. तीही अशा लिपीत
की वाचायची तर त्यालाच बोलवायचं.

नान्ना पाणी प्यायला उठले.
'एमैंदी? झोपायचं सोडून काय करलालीस?'
सांगितलं, जमेल तसं.
ते माठाजवळच टेकले.
'आमच्या मिलीत टाइमकीपर होता, हणमंतू संगा.
आधी नुसती हजेरी. मग किल्ल्या.
मग कँटीनची कुपनं, मग बदली कामगार कोण घ्यायचे.
माणूस वाईट नव्हता, चोख होता उलट.
पण काविळीनं पडला,
तर तीन दिवस संडासाचं कुलूप निघेना.'

वाटा होत्या, शोधल्यावर.
एक म्हातारी, आकड्यांच्या क्रमानं
सगळ्यांना एका रांगेत उठवणारी.
एक, कोण कुणावाचून अडतं ते आधी विचारणारी.
आणि एक एवढीशी: प्रत्येक कामामागे एक राखणदार,
पडलं की उठवायचं, बाकी चौकशा नाहीत.
ही मी घेतली.
हिच्या फायली पाच-सहा ओळींच्या,
शेंगा फोडत वाचाव्यात अशा.

पहिल्यांदा उठलीच नाही.
दोन वाजून गेलेले, काळ्या पडद्यावर
एक रेघ लुकलुकतीय,
आणि मी विडी घरकुलच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत
स्वतःलाच शिव्या देतीय, तेलुगूत, मग मराठीत.
चुकलं होतं इतकंच:
फाईल लिहिली होती,
तिला चालायची परवानगी द्यायची राहिली होती.
दिली. चालली.

प्रिंटर अजून रुसलाय.
पेनड्राइव्ह हातानं जोडावा लागतो, हातानं सोडवावा लागतो.
पुण्याहून व्यंकटेश म्हणतो, जग एकीकडे, तू एकीकडे,
आयतं आलेलं चालवायला काय होतं?
त्याचं खरं आहे. त्याच्याकडे आठशे मशीनं,
त्यांना एक मुकादम हवाच.
माझ्याकडे एक पेटी. आणि ती बिघडली
तर कुठे बिघडली एवढं मला कळायला हवं.
बास, एवढंच. यात कुणावर राग नाही.
(होता. मोरापुरता.)

मोर पुन्हा काढला. मान जुळेना पहिल्यासारखी,
मग वळवूनच टाकली, मागं बघणारी.
कुरापाटी म्हणाले, हीच ठेव.

पुढच्या शुक्रवारी लाईट गेली.
नान्ना डबा घेऊन आलेले, दारातच उभे.
मी 'बंद हो' म्हटलं. त्यांनी बोटांवर मोजलं.
चार.
डबा ठेवत विचारलं,
'म्हणजे किल्ल्या आता कुणाकडे?'
'ज्याच्या त्याच्याकडे.'
ते हसले नाहीत.
'मग हरवल्या की रात्री तूच शोधत बसणार,' म्हणाले,
आणि अंधारात
भाकरी मोडायला लागले.