पन्नासच्या पुढे

माडग्याळच्या खालच्या वस्तीवर, मेंढरांच्या वाघुरीलगत
रेणव्वाच्या मांडीवर सात महिन्यांचा मायाप्पा.
मी त्याचं झबलं वर करते, घड्याळ गुडघ्यावर ठेवते
आणि बघत राहते:
पोट वर, पोट खाली. एक.

पुरतं एक मिनिट. एवढंच माझं काम.
लेकरू रडत नसावं, पीत नसावं.
अर्ध्या मिनिटाची दुप्पट चालत नाही,
मिरजेच्या प्रशिक्षणात तीनदा सांगितलेलं.
पन्नास झाले, किंवा पुढे गेले,
की जतला न्यायचं. आजच.
उद्या बाजार असला तरी आजच.

एकतिसावर तिनं झबलं खाली ओढलं.
"एणिसबेड, अक्का."
मोजू नको.
मेंढरंसुद्धा मोठ्यानं मोजत नाही आम्ही,
हे तर पोर.

फॉर्मवर तीन रकाने होते:
नकार. घर बंद. स्थलांतर.
तिनं नकार दिला नव्हता, चहा दिला होता.
मी पेनाला टोपण लावलं.
एकतिसाच्या पुढं काय होतं, ते रात्रभर
माझ्या उशाशी धापा टाकत राहिलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी दुपारी फोन असतो.
डॉक्टर आवटी मिरजेहून जोडून देतात.
पलीकडे मलावी देश, झोंबाजवळचं कुठलंसं खेडं,
आणि चिसोमो, तिच्याकडे अजून सकाळच.
तिच्याकडेही हाच फॉर्म, हेच तीन रकाने.
आम्हा दोघींचं इंग्रजी सारखंच आखूड,
त्यामुळं एकमेकींचं सगळं कळतं,
डॉक्टरांचं निम्मं.

मी म्हटलं, आया मोजू देत नाहीत.
ती हसली. तिच्यामागं कोंबडी ओरडत होती, आमच्याच कोंबडीसारखी.
म्हणाली, माझी सासूही नाही देत.
मी कपात मक्याचे दाणे टाकते,
एका श्वासाला एक.
आकडा तोंडातून निघतच नाही,
मग अंगणात येऊन दाणे मोजते.

डॉक्टर म्हणाले, कल्पना चांगली आहे,
पण पद्धत मध्येच बदलता येत नाही,
समितीपुढं ठेवू, तीन महिने लागतील.
बरोबरच होतं त्यांचं.
मायाप्पाजवळ तीन महिने नव्हते.

संध्याकाळी गेले तेव्हा रेणव्वानं स्वतःच
मूठभर मालदांडी माझ्या ओच्यात घातली.
"दाणे मोज की. दाण्याला काय होतंय?"
पितळीत टप्, टप्, टप्,
मध्येच दोन जवळजवळ, मग पुन्हा टप्,
आणि त्याच्या बरगड्यांखालची कातडी
दर दाण्याला आत ओढली जात होती.
बाहेर येऊन मोजले.
त्रेसष्ट.

बकऱ्यांच्या पिकअपमध्ये, दोन माडग्याळी मेंढ्यांच्या मध्ये
मायाप्पा जतला गेला. पाच दिवसांनी आला.
आता मला बघून झबलं स्वतःच वर करतो, लबाड.

अहवाल आला पुढच्या वर्षी, गुळगुळीत कागदावर.
दोन देश, हजारो बालकं,
"मोजणीत स्थानिक बदल", अर्धी ओळ.
ज्वारी नाही त्यात, मकाही नाही.
आभारात आमची नावं आहेत. माझ्यातला एक काना गेलाय.
मी तो पानावर पेनानं काढला, आणि चिसोमोला सांगितलं,
तुझंही बघ एकदा.

अजून गुरुवारी फोन असतो.
एका गुरुवारी ती बोलेचना.
मग म्हणाली, काल कपात एकोणीस दाणे पडले.
मी विसावा हातात धरून बसले होते.

पुढं कुणीच काही बोललं नाही.
डॉक्टर म्हणाले, हॅलो, आवाज येत नाहीये,
रेंज गेली वाटतं.
गेली नव्हती.
तिचा श्वास येत होता इथपर्यंत, माडग्याळपर्यंत,
कोंबडीच्या आवाजामागून.
मी तो मोजला नाही.