तिसरा पडेना

जिंतूर रोडला, चढ लागतो तिथंच,
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
गिअरचा दांडा हातात नुसता डुलला,
रिकाम्या पातेल्यातल्या पळीसारखा.

मागं सरकीची पोती. शेजारी बापू.
बापूंचा डावा हात मांडीवर,
दीड वर्षापासून, जिथं ठेवावा तिथंच राहणारा.
सगळी गाडी ह्याच हातानं चालवली त्यांनी.
दांड्याच्या गोळ्यावरचे आकडे
त्यांच्या तळव्यानं कधीच पुसून नेले,
म्हणून मी एक-दोन-तीन शिकले
ते लाइट गेल्यावर घरातला माठ सापडतो तसं.

"गिअरबॉक्स गेला, बापू."
"गप. जित्या गाडीला कामून मारायलीस?
बंद कर आधी."
केली.
"क्लच दाब. टाक आता."
पडेना.
"चालू गाडीत पडत नाही अन् बंद केली की पडतो,
तर दुखणं क् क्
(थांबले मी. त्यांचा शब्द त्यांनाच पुरा करू देते,
हेही ह्या दीड वर्षात शिकले)
क्लचचं.
तुपला तर दोन्हीकडून बी पडंना.
अन् डुलतोय.
म्हंजे दांडा सांगायलाय, पण निरोप पोचंना.
वाट बघ खालची. बॉक्स उघडायला
मेकॅनिक बसलेतच की."

काळ्या मातीत पाठ टेकून मी टेम्पोखाली शिरले.
एक मोटारसायकल थांबली. दोन पाय, पांढरे बूट.
"काय झालं काका? ड्रायव्हर कुठाय?"
बापूंनी हनुवटीनं खाली दाखवलं असणार,
कारण बूट जरा वेळ तसेच उभे राहिले
अन् मग काही न बोलता गेले.

सळईच्या टोकाला एक बुश असतं,
जांभळाच्या बीएवढं, प्लास्टिकचं.
त्याचा नुसता भुगा उरला होता.
पिन तर रस्त्यानंच कुठंतरी ठेवून घेतली.
एवढ्याशा गोष्टीसाठी
मी मघाशी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं होतं.
ते बापूंनी बघितलं होतं.

उजव्या चपलेच्या टाचेतून ब्लेडनं एक चकती कापली,
मधोमध भोक पाडलं.
पाण्याच्या बादलीच्या कडीची तार
पिनच्या जागी ओवली, दोनदा पिळली.
वरून आवाज येतच होता,
"लई घट्ट आवळू नको! सळई फिरली पायजे!"
"माहितीय!"
"तुला काय माहितीय, काल तर..."
पुढचं एका ट्रकनं नेलं.

तिसरा पडला.
चौथा कुरकुरत पडला.
रिव्हर्स काही पडला नाही.
जिंतूरला तेलाच्या गिरणीत
चार हमालांनी गाडी मागं ढकलली,
अन् चार चहा माझ्या नावावर लिहायला सांगितले.
अनवाणी टाचेला फरशी गार लागत होती.

दुसऱ्या दिवशी सेलूला मुनीर उस्तादनं
चकती काढून उजेडात धरली.
"ये किसने बिठाया?"
"मी."
त्यांनी बापूंकडं बघितलं. बापूंनी रस्त्याकडं.
"और आठ दिन चलता था," उस्ताद म्हणाले,
नवं बुश बसवलं, चाळीस रुपयांचं,
अन् मजुरी पूर्ण घेतली,
बापूंकडून कधी घेत नव्हते ती.
मला बरं वाटलं.

रात्री अंगणात बाजेवर
बापू उजव्या हातानं डावा उचलतात.
वर नेतात. मधे आणतात.
थोडा बाजूला सरकवून परत वर.
आई म्हणते, डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम
नेमानं करायलेत आता.
मी भांडी घासता घासता मोजते.
तिसऱ्यानंतर चौथ्याला हात खाली येतो
अन् मग खूप वेळ
एकाच वेगात असल्यासारखे
ते समोर बघत राहतात.