हातचा एक

तुर्भ्याच्या वजनकाट्यावर माझी रात्रपाळी.
पुढ्यात साठ टनांचा लोखंडी पाट
आणि सहा आकडी पावतीयंत्र.
भरलेलं, रिकामं, निव्वळ:
कांद्याचं वजन कांदेवाल्याचं.
मला पावतीचा क्रमांक पुरतो.

तीनच्या पुढे बाजार जरा डोळा लावतो,
माथाडी पोत्यांवर आडवे होतात,
तेव्हा मी रद्द पावत्यांच्या पाठीवर
भागाकार करत बसतो.
अकरा वर्षं.
व्यसन म्हणा. तंबाखूपेक्षा स्वस्त.

काल नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव निघाली,
साताऱ्याच्या आल्याची गाडी.
मोठी मनमिळाऊ संख्या, लग्नघरासारखी.
तीन तर तीनदा जेवून गेला,
मग सात, अकरा, तेरा, सदतीस,
सगळ्यांना भाग गेला,
ताटात शीत उरलं नाही.

मी थांबलो होतो तिच्यानंतरच्या चौथीसाठी.
दहा लाख तीन.
सात गेला तिच्या दारी: बाकी चार.
अकरा: चार. तेरा: चार. सदतीस, तोही चार घेऊन परत.
कालचेच पाहुणे, आज एकालाही पान नाही.
हजाराच्या आत मूळ संख्या एकशे अडुसष्ट.
पुढे बघायचं कारण नाही,
दोघे हजारावरचे गुणले की ती मागेच पडते.
एकेकीला सोडलं तिच्यावर.
चौदा रात्री लागल्या,
त्यातली एक टोमॅटोचा टेम्पो उलटला म्हणून वाया.
शेवटी नऊशे सत्त्याण्णव.
एक हजार तीन वेळा बसला, वाटलं गेली,
तर बाकी बारा.

एक, आणि ती स्वतः.
मधे कुणी नाही.

आणि यंत्र सहा आकडी!
भागाकार करणाऱ्या माणसाला
घरं मोजता येऊ नयेत?
नवांची रांग एकदम कलंडली
आणि छापून आलं 000000.
हातचा एक ठेवायला त्याच्यात जागाच नव्हती.
दामजीशेठ फोनवर झोपेत म्हणाले,
चालू दे शून्यापासून, काट्याला काय फरक पडतो.

काट्याला नाही पडत.
दहा लाख एक, उलटसुलट सारखी,
एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक,
नुसती 000001 होऊन
एका लसूणवाल्याच्या खिशात गेली. मी बघत राहिलो.
दोनही गेली.

मग बेळगावचे बटाटे.
यल्लाप्पा तळवार, खिडकीत कोपर टेकून.
पावती फाडली,
000003 च्या आधी निळ्या पेनाने
एक काढला. जरा वाकडा आला.
त्याने पावती दिव्याखाली धरली.
हा एक कसला, साहेब? पैसे वाढवले काय?
नाही, म्हटलं. हातचा होता.

त्याने ती डिझेलच्या बिलात घातली, गेअर टाकला.
गाडी उतरली.
काट्यावर बाकी वीस किलो.
माती असेल, टायरांची.